डाव्या हाताचा उंबरा

स्वित्झर्लंड हा देश मी पाहिलेला नाही आणि पाहायची इच्छाही नाही. त्या देशानं माझं काही बिघडवलेलं नाही, हे मला कळतं. पण नव्वदच्या दशकातली सगळी वर्षं मी रोह्याच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलं, आणि वेगवेगळ्या देशांच्या राज्यव्यवस्थांच्या पेपरात स्वित्झर्लंडचं प्रकरण आलं की माझ्या डोक्यात तिडीक जायची. इंग्लंड मी बऱ्यापैकी शिकवायचे, अमेरिका तर रंगवून शिकवायचे. सोव्हिएत युनियन जगाच्या नकाशावरून गेला तरी आमच्या अभ्यासक्रमातून जायला तयार नव्हता, तोही थट्टामस्करी करत निभावून न्यायचे. स्वित्झर्लंडला मात्र माझा आवाज चढायचा. मुलांना वाटायचं, मॅडमची आज गाडी चुकलेली दिसते.

मी राहायचे पेणला. नवरा नागोठण्याच्या बाजूला कंपनीत शिफ्ट करायचा आणि मी एस.टी.नं रोह्याला जायचे. माहेर पेणपासून जवळच, खाडीकाठचं गाव. भरती आली की खाडीचं पाणी आमच्या शेतांपेक्षा उंच उभं राहतं. मध्ये असतो तो मातीचा बांध. बांध आहे तोवर भात, बांध फुटला की मीठ. म्हणून बांध हे आमच्या गावाचं सरकारी काम नव्हे, घरचं काम. ते करून घेणारी ती गावकी.

गावात राज्यं दोन. एक ग्रामपंचायत, तिला कचेरी, कुलूप आणि रबरी शिक्का. दुसरी गावकी, तिच्याकडे यातलं काहीच नाही आणि गाव तिचंच ऐकायचं. मारुतीच्या देवळात सतरंजी पडायची, पुरुष बसायचे, पंच विषय मांडायचे आणि हात वर व्हायचे. गावकीची घटना कुठं लिहिलेली नव्हती. इंग्लंडचीही एका पुस्तकात लिहिलेली नाही आणि तिथल्या लोकांना त्याचं कौतुक आहे, त्यामुळे मनातून त्या देशाबद्दलही मला फारसं प्रेम नाही. लिहिलेलं नसलं की ज्याचा आवाज मोठा त्याचीच आठवण खरी ठरते. बाप गेला की त्याच्या जागी मुलगा बसणार, हे तर लॉर्डांच्या सभागृहात तेव्हा अगदी असंच चालायचं. तिथं सतरंजीऐवजी लाल गाद्या, एवढाच काय तो फरक.

गावकीत माणसं मोजत नाहीत, उंबरे मोजतात. घरात दहा तोंडं असोत की दोन, एका उंबऱ्याचा एक हात. अमेरिकेच्या सिनेटमध्ये राज्य लहान असो की मोठं, जागा सारख्याच, ते मी मुलांना याच उदाहरणानं समजावायचे आणि त्यांना ते चटकन कळायचं. हात मात्र पुरुषाचा. बायकांनी देवळात दिवा लावायला जायचं, सतरंजीवर बसायचं नाही. आणि ज्या घरात कर्ता पुरुष उरलेला नाही, त्या घराचा हात कोण वर करणार? त्याचीही सोय होती. भावकीतला जवळचा पुरुष आपल्या घरासाठी उजवा हात वर करायचा आणि त्या घरासाठी डावा. अशा घराला गावात डाव्या हाताचा उंबरा म्हणायचे.

आमचं घर डाव्या हाताचा उंबरा होतं. मी कॉलेजात शिकत असताना बाबा गेले. मला भाऊ नाही. घरात राहिली आई, आणि मी तर लग्न होऊन पेणला गेलेली, म्हणजे गावाच्या हिशेबी नसल्यातच जमा. आमचा डावा हात म्हणजे माझा काका, बाबांचा धाकटा भाऊ. तो गावकीचा पंचही होता. अशा माणसाबद्दल लिहिताना तो मनानं वाईट नव्हता असं कुठंतरी म्हणायची पद्धत आहे. मी ती पाळणार नाही. हसतमुख होता, खाडीची मासळी मिळाली की वाटा पाठवायचा, सणाला आईच्या पाया पडायचा, एवढं लिहिते.

बांधाच्या कामाला मात्र डावा हात चालत नव्हता. तिथं प्रत्येक उंबऱ्यानं जिवंत गडी द्यायचा. गावकीचा माणूस पहाटे हाकारा देत गल्लीतून जायचा, दारादारांत थांबून घराचं नाव घ्यायचा, आणि आमच्या दारातही थांबायचा. मग आई पदर खोचून, घमेलं घेऊन निघायची. बाईचं काम अर्धं धरत असत, म्हणून पुरुष एक दिवस जाई तिथं तिला दोन दिवस जावं लागे. बाबा गेल्यापासून त्या बांधावर तिनं दुप्पट चिखल वाहिला. जो कर देतो त्याला बोलायचा हक्क पाहिजे, एवढ्या मुद्द्यावरून अमेरिकेतल्या लोकांनी इंग्लंडच्या राजाशी युद्ध केलं, हे मी दर वर्षी फळ्यासमोर उभी राहून सांगत होते. आईला मी ते कधी सांगितलं नाही. तिला सांगण्याची गरजही नव्हती, ती दर वर्षी चिखलात उभीच होती.

आमच्या विभागप्रमुखांना गावकीचा शोध माझ्यामुळेच लागला. चहा पिता पिता मी सिनेटचं आणि उंबऱ्याचं उदाहरण बोलून गेले आणि सरांचे डोळे चमकले. सर पुस्तकी विद्वान. जगातल्या सगळ्या घटना त्यांना कलमांसकट तोंडपाठ होत्या आणि कोलाडच्या नाक्यावर पेणची एस.टी. कुठल्या बाजूला लागते ते माहीत नव्हतं. त्यांचं लाडकं प्रकरण स्वित्झर्लंड. डोंगरातल्या लहान परगण्यांत सगळे नागरिक मैदानात जमतात, हात वर करतात आणि कायदा होतो, मध्ये पुढारी नाही, पक्ष नाही, हे सांगताना ते अक्षरशः गहिवरायचे. आपल्या रायगडात असं स्वित्झर्लंड आहे म्हटल्यावर त्यांनी वर्गाची सहलच ठरवली. गावकीची पुढची बैठक कधी आहे ते विचारा, म्हणाले. मी काकाला विचारलं. काका केवढा फुलला. कॉलेजचे प्रोफेसर आपला कारभार बघायला येणार म्हणून त्यानं देवळाला चुना मारून घेतला.

त्या पावसाळ्यात भाद्रपदाच्या उधाणाला बांधाला खांड पडली होती, म्हणजे बांध एका ठिकाणी फुटून पाणी आत घुसलं होतं. ते ठिकाण नेमकं आमच्या शेतासमोर. खाडीनं तिथं तळ खोल खरवडून काढला होता. गावानं तात्पुरता मातीचा भराव केला, पण तो टिकणार नाही हे सगळ्यांना दिसत होतं. पक्कं काय करायचं ते ठरवायलाच ती बैठक होती. विषय बांधाचा आहे, एवढं मला ठाऊक होतं. ठराव काय येणार, याची मात्र काकानं ताकास तूर लागू दिली नव्हती.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर आम्ही गेलो. सर आणि वर्गातली मुलं देवळात सतरंजीच्या कडेला बसली. मी आणि वर्गातल्या मुली बाहेर पारावर. एका मुलीनं विचारलं, आपण आत का नाही जायचं? मी म्हणाले, आपण निरीक्षक आहोत. दुसरं काय सांगणार होते? आई तिथं नव्हती. पाहुण्यांसाठी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीचं कालवण करायचं काम गावकीनं तिच्याकडे दिलं होतं, कारण आमच्या आईच्या भाकऱ्या गावात नावाजलेल्या.

काकानं ठराव मांडला. जुन्या जागी बांध धरणं आता जिकिरीचं आहे, खाडी तो पुन्हा फोडणार. तेव्हा बांध आत घ्यायचा, नव्या रेषेवर. काम कमी लागेल, गाव वाचेल. नव्या रेषेच्या बाहेर एकच शेत राहतं, त्याला इलाज नाही. ते शेत आमचं, हे तो बोलला नाही. बोलायला लागतही नव्हतं, गावाला माहीत होतं आणि पाहुण्यांना कळणार नव्हतं. मला पारावरून कळलं. मग त्यानं विचारलं, कोन कोन व्हय म्हनतो? हात वर झाले. काकानं उजवा हात वर केला. आणि मग, माझ्या डोळ्यांदेखत, शांतपणे, डावा हातही वर केला.

सरांनी त्याच क्षणी फोटो काढला.

आईनंच आईचं शेत खाडीला देऊन टाकलं होतं, गावकीच्या हिशेबी. एकही विरोध नव्हता. सर मुलांना हळू आवाजात सांगत होते की पाहा, एकमत, असं एकमत आपल्या संसदेत तुम्हाला कधी दिसणार नाही. ते दोन हात काय, असं एका मुलानं विचारलं तर सरांनी काकालाच विचारून घेतलं आणि खूश झाले. विधवेलासुद्धा प्रतिनिधित्व आहे, म्हणाले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पारावरून उठले आणि सरळ घरी आले.

आई चुलीपुढं होती. मी तिला काय ठरलं ते सांगितलं. तव्यावर भाकरी होती, ती तिनं उलटली, फुगू दिली, काढून टोपलीत ठेवली. मग म्हणाली, "मला इचारलं नाय."

मी म्हणाले, काकानं तुझ्या नावानं हात वर केला.

"बांध आत घ्यायला लागंल ते मला पन दिसतंय गो," ती म्हणाली. "मी काय आंधली हाय? खांडीचा तळ मी पायानं मापलाय. पन शेत माजं हाय. मला इचारलं असतं तर दोन दिस रडले असते, मंग व्हय म्हनले असते. माजं व्हय दुसऱ्यानं का म्हनायचं?"

आणि तिनं उरलेल्या भाकऱ्या केल्या. पाहुणे जेवले. सरांनी भाकऱ्यांची स्तुती केली.

परतीच्या टेंपोत मी सरांशी भांडले. ते शेत कुणाचं होतं ते सांगितलं. सर म्हणाले की बहुमताच्या निर्णयात कुणाला तरी झळ लागतेच, व्यक्तिगत दुःखावरून व्यवस्थेचं मूल्यमापन करू नये. मी त्यांना त्यांच्याच लाडक्या देशाची गोष्ट ऐकवली. थोड्याच काळापूर्वी वर्तमानपत्रात आली होती. तिथल्या एका चिमुकल्या परगण्यात पुरुष कमरेला तलवारी लावून मैदानात जमत आणि हात वर करून कायदे करत. बायकांना त्या मैदानात जागा द्यायची का, असा प्रश्न आला की त्याच हातांनी नाही म्हणत. शेवटी देशाच्या न्यायालयानं कान पकडला तेव्हा कुठं नव्वदच्या सुमाराला बायका मैदानात आल्या. सर म्हणाले, तो अपवाद आहे. मी म्हणाले, पाठ्यपुस्तकात तो अपवाद का नाही? त्यावर त्यांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. पुढं आम्ही एकाच विभागात बरीच वर्षं काढली आणि कामापलीकडे एक शब्द बोललो नाही.

मी सरकारी दारंही ठोठावून पाहिली. आपल्याकडे संघराज्य आहे, सत्तेची वाटणी आहे, एक दार बंद झालं तर दुसरं असतं, हे मी फळ्यावर आकृत्या काढून शिकवत आले होते. एका कचेरीत म्हणाले, बांध गावाचा, गावानं ठरवावं. दुसरीकडे म्हणाले, बांध आमचा, पण शेत आमचं नाही. तिसरीकडे विचारलं, तुमच्या घरचा विरोध होता का बैठकीत? मी म्हणाले, नाही, आमच्या घरचा हात वर होता, पण तो हात आमचा नव्हता. समोरच्या माणसानं माझ्याकडे असं पाहिलं की मीच वेडी. आकृतीतले सगळे बाण बरोबर होते, फक्त प्रत्येक बाण दुसऱ्या बाणाकडे बोट दाखवत होता.

आई स्वतः काकाकडे गेली. मी बरोबर होते. तिनं भांडण काढलं नाही. म्हणाली, पुन्हा बैठक बोलवा, मला देवळाच्या पायरीवर उभं राहून माझ्या तोंडानं सांगू द्या, मग बांध खुशाल आत घ्या. एवढंच तिचं मागणं होतं. शेत वाचवा असं ती म्हणालीच नाही. हे काकाला समजेना. तो म्हणाला, व्हयच म्हणायचं असेल तर बैठक कशाला? आणि मग हात जोडून, हसून म्हणाला, "वैनी, तुमचा उंबरा व्हय म्हनून मोकला झाला. आता ते फिरवता येत नाय."

जगात जिथं जिथं राजे होते, तिथं राजा प्रजेच्या वतीनं बोलायचा. त्या राजांविषयी वाचताना मला कधी इतका राग आला नव्हता जितका त्या हसण्याचा आला. राजे निदान पाया पडत नव्हते.

मग भांगाचे दिवस आले. महिन्यात उधाणाच्या मध्ये जे दिवस पाणी फार चढत नाही, त्या दिवसांत बांधाचं काम धरतात. आणि आता त्या गावाचं शहाणपण ऐका. हाकारा देणारा माणूस पहाटे निघाला आणि नेहमीच्या सवयीनं आमच्या दारात थांबून घराचं नाव घेऊन गेला. ज्या बाईचं शेत बुडवायला बांध घालायचा, तिलाच त्या बांधाला चिखल वाहायला बोलावलं. कुणाच्या मनातही आलं नाही की या घरी आज हाक मारू नये. उंबरा आहे म्हणजे गडी आलाच पाहिजे.

मी आदल्या संध्याकाळीच गावात आले होते. तिला म्हणाले, जाऊ नको. तिनं घमेलं उचललं. "हाकारा आलाय," म्हणाली, आणि निघाली. मी चिडून तिच्या मागून गेले.

बांधाचं काम रांगेनं होतं. खाली पुरुष फावड्यानं चिखल कापतात, पेंढा घालून त्याचा गोळा वळतात, आणि तो गोळा हातोहात रांगेतून वर जातो. प्रत्येक उंबऱ्याचा माणूस रांगेत. एक हात थांबला की रांग थांबते. आई आपल्या जागेवर उभी राहिली. सकाळभर गोळे घेत होती, देत होती. नवी रेषा तिच्या शेताच्या अलीकडून सरळ पुढं सरकत होती. मी बांधाच्या टोकाला बसून बघत होते आणि मला तिचाही राग येत होता, की ही बाई स्वतःच्या हातानं स्वतःचं शेत गाडते आहे.

मग एक गोळा तिच्या हातात आला आणि तिथंच राहिला. तिनं तो छातीशी धरला. पुढचा माणूस हात पसरून उभा. मागचा माणूस दुसरा गोळा घेऊन उभा. बघता बघता सगळी रांग थांबली, खाली फावडी थांबली. काका बांधावरून चालत आला.

"माज्या उंबऱ्याचं नाय हाय," आई म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण तिथं दुसरा आवाजच नव्हता. "देवलात मला बसायला जागा नाय. हितं हाय. म्हनून हितं सांगते. माज्या उंबऱ्याचं नाय हाय. आता मला इचारा."

तेव्हा मला कळलं की ती का आली होती. सबंध गावच्या कारभारात तिच्या घराला स्वतःची जागा असलेली एकच सभा होती, ती ही. मला आयुष्यात कधी कुणाचा इतका अभिमान वाटला नाही.

काकानं विचारायला हवं होतं. एक वाक्य. ती व्हय म्हणाली असती, गोळा पुढं गेला असता, आणि आज मी हे लिहीत बसले नसते. पण एका उंबऱ्याला विचारलं तर दुसराही उद्या विचारा म्हणणार, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं समजत होतं. पाणी चढत होतं. सगळे त्याच्याकडे बघत होते. त्या दिवशी त्यानं तिला पहिल्यांदा एकेरीत हाक मारली.

"वैनी, घरी जा तू," तो म्हणाला. मग रांगेकडे वळून, "ह्यो उंबरा आजपासून धरीत नाय. गडी नाय, हात पन नाय."

रांगेत आमचे सोयरे होते, आईच्या हातच्या भाकऱ्या खाल्लेले होते, सगळे मूग गिळून उभे. तिच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या माणसानं एकेक पाऊल टाकलं आणि तिची जागा बुजली. गोळे पुढं जायला लागले. आईनं हातातला गोळा वाकून बांधावर ठेवला, नीट थापला, आणि घमेलं घेऊन घरी आली. तोही गोळा तिनं फुकट घालवला नाही, याचा मला आजही राग आहे.

शेत त्याच हंगामात गेलं. आधी पांढरी मिठाची साय दिसायला लागली, मग खेकड्यांची बिळं, मग खारफुटीतल्या तिवराची रोपं. आईला त्यापेक्षा दुसरंच लागलं. पहाटे हाकारा यायचा, शेजारच्या दारात थांबायचा, आणि आमचं दार सोडून पुढं जायचा. ती जागी असायची. इतकी वर्षं त्या हाकेला शिव्या घालत उठली, आणि आता हाक येईना म्हणून ती अंथरुणात डोळे पुसायची. हे तिनं मला सांगितलं नाही, मी मुक्कामाला गेले तेव्हा पाहिलं. सोव्हिएत युनियनच्या घटनेत प्रत्येक प्रजासत्ताकाला बाहेर पडायचा हक्क होता, कागदावर. आमच्या गावकीत तो नव्हता. तिथं फक्त बाहेर काढायचा हक्क होता, आणि तो कागदावर नसल्यामुळे बिनचूक चालायचा.

सरांनी काढलेला फोटो कॉलेजच्या वार्षिक अंकात छापून आला आणि मोठा करून विभागाच्या फलकावरही लागला. खाली मथळा होता, लोकशाहीचं जिवंत दर्शन. फोटोत मधोमध काका, दोन्ही हात वर. पुढच्या वर्षीच्या वर्गातल्या एका मुलीनं मला विचारलं, "मॅडम, हे काका असे का उभे आहेत? पोलिस आलेत काय?" मी म्हणाले, नाही, यायला हवे होते. ती हसली. मी हसले नाही.

पुढं पंचायतीचा कायदा बदलला. ग्रामपंचायतीत बायकांसाठी जागा राखून ठेवल्या गेल्या. स्टाफरूममध्ये पेढे वाटले गेले, सरांनी भाषण केलं. मी आईला समजावून सांगायला गावी गेले. म्हणाले, आता बायकांसाठी वेगळ्या जागा आहेत, तुलाही अर्ज भरता येतो, डाव्या हाताची गरज नाही, मत चिठ्ठीवर, गुपचूप. तिनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, पंचायतीला कुलूप हाय, पन ठरतं ते देवलात. याचं उत्तर कुठल्याच देशाच्या प्रकरणात नव्हतं.

मी तिथं असतानाच काका आला. बांधाच्या दिवसानंतर तो पहिल्यांदा आमच्या दारी येत होता. मधल्या काळात म्हातारा झाला होता, पण हसणं तेच. आई दारातच तांदूळ निवडत बसली होती. उंबरा त्या दोघांच्या मध्ये. ती त्याला या म्हणाली नाही, म्हणून तो बाहेरच उभा राहिला.

त्यानं सांगितलं की आमच्या आळीची जागा बाईला राखीव झाली आहे. गावकीला निवडणूक नको, सगळं बिनविरोध व्हायचं आहे. नाव आपल्या भावकीतलं पाहिजे, आणि जाणती, एकटी, घरात कुणाची अडचण नसलेली बाई म्हणून पंचांनी आईचं नाव सुचवलं आहे. अर्ज तो भरून आणील, कचेरीत तो जाईल, बोलायचं असेल तिथं तो बोलेल. तिनं फक्त अंगठा द्यायचा. माझ्याकडे पाहून म्हणाला, तुमची पोरगी शिकवते तेच हाय सगलं.

आईनं सुपातला खडा काढून बाजूला टाकला. "माजा उंबरा तुमी धरीत नाय ना? मंग कुनाच्या दारात आलात?"

"आजपासून धरतो," काका म्हणाला. "हाकारा येईल उद्यापासून."

हाकारा हा शब्द ऐकून तिचा हात सुपात थांबला. मी बघत होते. तिला ते किती हवं होतं हे त्या दोघांनाही माहीत होतं आणि मलाही.

"मंग देवलात पन बसेन," ती म्हणाली. "माज्या उंबऱ्याच्या जागेवर. माज्या तोंडानं बोलेन."

काका हसला. लहान मुलाची समजूत काढावी तसा. "तुमाला कशाला तरास? देवलात मी हाय ना, वैनी," तो म्हणाला, आणि सांगता सांगता त्याचा डावा हात आपसूक वर गेला, देवळात जायचा तसाच.

आईनं सूप खाली ठेवलं आणि उभी राहिली.

"तो हात खाली घ्या, भावोजी," ती म्हणाली. "तो माजा हाय."

काकानं हात खाली घेतला. मग दारात काढलेल्या चपला घालून तो गेला. दुसऱ्या दिवशी पहाटे हाकारा आमचं दार सोडून पुढं गेला, आणि आई झोपलेली होती.